जखम भरल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मी कोणी विदुषी नाही. सभेत बोलण्याचा सरावही मला फारसा नाही. चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात फौजेची परंपरा आहे, तेव्हा जवानांच्या शौर्यावर बोला." मी होकार दिला. मात्र त्याच वेळी मनाशी ठरवले की, बोलायचे तर रणांगणातल्या शौर्यावर बोलायचे नाही. त्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगले सांगतात. मला बोलायचे आहे ते जवान जबर जखमी होऊन घरी परततो त्यानंतरच्या शौर्याविषयी. कारण ते शौर्य मी माझ्या घरात पाहिले आहे, आणि त्याच्या आड मी स्वतः कशी आले तेही मला ठाऊक आहे.

प्रारंभी एक प्रसिद्ध हकीकत सांगते. मेजर जनरल इयान कार्डोझो हे मुंबईत जन्मलेले. १९७१ च्या डिसेंबरात गुरखा पलटणीबरोबर ते पूर्वेकडे सिल्हेटच्या आघाडीवर होते. तेथे सुरुंगावर पाय पडला आणि तो पाय निकामी झाला. जवळ मॉर्फिया नाही, कापायला शस्त्रक्रियेची हत्यारे नाहीत. त्यांनी आपल्या सोबतीच्या गुरखा जवानाला सांगितले, कापून टाक. त्याला ते धैर्य होईना. तेव्हा खुकरी मागून घेऊन त्यांनी आपला पाय आपल्याच हाताने तोडला. पुढे त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या एका पाकिस्तानी लष्करी डॉक्टरने. ही गोष्ट ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो आणि आपण तेथेच थांबतो. पण भगिनींनो, खुकरीचे काम काही क्षणांचे होते. त्यानंतर लाकडी पाय लावून चालणे, डोंगर चढणे, सर्व कसोट्या धडधाकट अधिकाऱ्यांच्या बरोबरीने देणे, "तुम्ही आता पलटणीचे नेतृत्व करू शकणार नाही" असे म्हणणाऱ्यांना पटवून देणे, याला वर्षे लागली. अखेर पायदळाच्या पलटणीचे आणि नंतर ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते आपल्या सैन्यातले पहिले अपंग अधिकारी झाले. या दोहोंत अवघड काय होते, याचा विचार आपण प्रत्येकीने करावा.

आता माझ्या घरची गोष्ट. कराडच्या बाजूला आमचे गाव. माझे धाकटे दीर फौजेत होते. १९७१ च्याच लढाईत पश्चिमेकडे, शकरगडच्या भागात सुरुंगाने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. वय अवघे चोवीस. पुण्यात अनेक महिने उपचार झाले, कृत्रिम पाय बसवला, आणि १९७२ च्या अखेरीस ते गावी आले. स्टँडवर सारा गाव लोटला होता. ढोलताशे, हार, गुलाल, सर्व झाले. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झाले होते. ओवाळायला ताट घेऊन मी उंबऱ्यात उभी होते. भावजी उंबरा ओलांडताना अडखळले, तसे चार जणांनी त्यांना उचलूनच आत आणले. आम्हाला वाटले, आपण केवढी माया केली!

त्या दिवसापासून घरात तोच शिरस्ता पडला. पाणी हातात, ताट पुढ्यात, धोतर जागेवर. ते उठू लागले की सासूबाई म्हणत, "बस रं बाळा, मी हाय न्हवं." शेजारपाजारचे लोक यायचे, त्यांच्याकडे पाहून सुस्कारा टाकायचे आणि त्यांच्याविषयी माझ्या यजमानांना विचारायचे, "झोप लागते का त्याला?" जसे काही भावजी तेथे नव्हतेच.

रात्री त्यांना वेदना व्हायच्या. त्याही कोठे, तर जो पाय उरलाच नव्हता त्याच्या तळव्याला. "वहिनी, अंगठा पिळवटतोय," असे ते म्हणत, आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत असू. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा उतरून टाकला, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी कुजबुज गावात सुरू झाली. पुढे कितीतरी वर्षांनी मला समजले की हे दुखणे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणारे डॉक्टर वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचे नाव दिले. अवयव तुटला तरी मेंदूत त्याची जागा राहते आणि ती जागा दुखत राहते. दुखणे खरे असते. मनाचा खेळ किंवा भुताटकी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे त्या वेळी कोणी आम्हाला सांगितले असते, तर निदान ते माणूस आपल्या घरातच वेडे ठरले नसते.

आणि मग १९७३ ची संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू होते. पन्नासएक बायका येणार. भावजींची खोली माजघराला लागून. सासूबाई म्हणाल्या, "बायका यायच्या, सणाचा दिस, दार लावून घे." मी दार लावले आणि बाहेरून कडी घातली. का घातली? आज इतक्या वर्षांनी खरे सांगते. भिंतीला टेकवून ठेवलेला तो पाय सणाच्या दिवशी बायकांच्या नजरेस पडू नये, असे मलाही वाटत होते. संध्याकाळी बायका गेल्या, मी कडी काढली. भावजी खाटेवर बसले होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वहिनी, बाहेरून कडी कशाला घातलीत? मला सांगितलं असतं तर मीच आतून घातली असती."

हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारले नव्हते. सुरुंगाने त्यांचा पाय नेला होता. घरातली त्यांची जागा काढून घ्यायला निघालो होतो ते आम्ही.

भगिनींनो, ही चूक आमच्या एका घराची असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. ती फार जुनी आणि सर्व देशांतली चूक आहे. ती सुधारण्याचा मार्ग ज्यांनी दाखवला त्यांच्याविषयी थोडे सांगते.

पाठीचा कणा जायबंदी होऊन कंबरेखालचे अंग लुळे पडलेल्या सैनिकाची स्थिती पहिल्या महायुद्धाच्या काळात अशी होती की, त्यातले बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. कण्याच्या जखमेने मरत असे नव्हे. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा पडत, त्या चिघळत, मूत्रमार्गात जंतू शिरून मूत्रपिंडे निकामी होत, आणि त्याने ते जात. डॉक्टरच आशा सोडून बसलेले. मग आप्तांचे काय? जर्मनीतून ज्यू म्हणून परागंदा व्हावे लागलेले लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल या गावी अशा जखमींसाठी त्यांनी एक स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांनी पहिला नियम कोणता केला? दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. स्वतः डॉक्टर मध्यरात्री फेरी मारून पाहत की नियम पाळला जातो की नाही. आपल्यापैकी ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासूची किंवा आईची सेवा केली आहे, त्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. मोठे औषध नाही, यंत्र नाही. केवळ न कंटाळता केलेली शुश्रूषा. तिने माणसे जगू लागली.

पण गुटमन यांचे मोठेपण यापुढे आहे. ते म्हणत, जगवले खरे, आता जगायचे कशासाठी तेही दिले पाहिजे. म्हणून त्यांनी रोग्यांना अंथरुणात पडू दिले नाही. कोणाला सुतारकाम दिले, कोणाला घड्याळे दुरुस्त करायला शिकवले. चाकांच्या खुर्चीत बसून चेंडू खेळायला लावले. मग धनुष्यबाण हाती दिले, कारण त्याने खांदे आणि पाठ बळकट होते आणि नेमबाजीत बसलेला व उभा हा भेद उरत नाही. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी इकडे स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जखमी स्त्रीपुरुषांनी चाकांच्या खुर्च्यांवरून धनुर्विद्येचा सामना खेळला. त्यात दोन स्त्रिया होत्या, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावे. बारा वर्षांनी, १९६० साली, रोमला हेच सामने झाले तेव्हा तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू होते. आज ज्याला पॅरालिंपिक म्हणतात, त्याचा उगम हा असा एका इस्पितळाच्या अंगणात आहे.

आणि या गंगेचे पाणी आपल्या सांगली जिल्ह्यापर्यंत कसे पोचले तेही ऐका. मुरलीकांत पेटकर हे पेठ इस्लामपूरचे. लहान वयातच सैन्यात गेले, उत्तम मुष्टियोद्धे झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात रुतून बसली आणि कंबरेखालचे अंग गेले. ज्याचे सारे आयुष्य पायांच्या चपळाईवर उभे होते, त्याचेच पाय गेले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना व्यायाम म्हणून पाण्यात उतरवले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, हात काम करू शकतात. जे उपचार म्हणून सुरू झाले, त्यातच त्यांनी पुढे प्रावीण्य मिळवले. प्रख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना परदेशच्या सामन्यांसाठी साहाय्य केले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत पहिला क्रमांक मिळवला. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पुढे पुण्यात नोकरी करून त्यांनी संसार केला. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर तब्बल सेहेचाळीस वर्षांनी. त्यांच्यावर चित्रपट निघाला २०२४ मध्ये. अर्जुन पुरस्कार मिळाला २०२५ च्या जानेवारीत. पदक जिंकायला त्यांना चाळीस सेकंदही लागले नाहीत. आपल्याला ते दिसायला मात्र जवळजवळ अर्धे शतक लागले. मी कोणाला दोष देत नाही. संक्रांतीला आम्ही जी कडी घातली होती, तिचेच हे मोठे रूप आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

याच्या उलट वागलेल्या एका गावाची हकीकतही आपण ऐकावी, कारण त्यात आपल्यासारख्या गृहिणींचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाला आग लागून इंग्लंडचे पुष्कळ तरुण वैमानिक भाजले. चेहरे ओळखू न येण्यासारखे झाले. पापण्या नाहीत, नाक नाही, बोटे आखडलेली. ईस्ट ग्रिनस्टेड या छोट्या गावातील इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो हे न्यूझीलंडचे शल्यविशारद त्यांच्यावर उपचार करीत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा लवकर भरतात हे त्यांच्या ध्यानात आले, म्हणून ते जखमींना मिठाच्या पाण्याने स्नान घालीत. एकेका मुखावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया चालत. रोग्यांनीच १९४१ मध्ये थट्टेने आपले एक मंडळ काढले. आपल्यावर नवे नवे प्रयोग होतात, म्हणून त्या मंडळाला त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्याचे नाव दिले. युद्ध संपेपर्यंत त्याचे सभासद सहाशेंच्या वर गेले होते.

मॅकिंडो यांना ठाऊक होते की, नवे कातडे आपण लावू, पण हा मुलगा त्या चेहऱ्याने रस्त्यावर जाईल की नाही, हे रस्त्यावरच्या लोकांवर अवलंबून आहे. म्हणून ते गावातल्या लोकांना भेटले. या मुलांना घरी बोलवा, चहा द्या, गप्पा मारा, आणि त्यांच्याकडे टक लावून पाहू नका, तसेच नजर चुकवूही नका, असे त्यांनी सांगितले. रोग्यांना इस्पितळाचे कपडे न देता त्यांचा लष्करी पोशाख घालायची त्यांनी मुभा दिली. गावाने हे मनावर घेतले. गृहिणींनी घरे उघडली, दुकानदारांनी नेहमीप्रमाणे उधारी लिहिली, मुली त्यांच्याबरोबर नाचल्या, आणि काहींचे विवाहही झाले. ते गाव पुढे 'टक लावून न पाहणारे गाव' म्हणून प्रसिद्ध झाले. पाहा, एखाद्या गावाची कीर्ती किल्ल्याने होते, देवळाने होते. या गावाची झाली ती डोळ्यांच्या सभ्यपणाने.

आता पुन्हा आमच्या गावी येते. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मला सुचेनासे झाले होते. क्षमा मागावी तर शब्द सापडेना. घरात दळण संपले होते. आमच्या गावात तेव्हा गिरणी नव्हती. तीन कोसांवरच्या गावाला डोक्यावर डबा घेऊन जावे लागे. मी भावजींच्या खोलीत गेले आणि म्हटले, "भावजी, दळण आणून द्याल का?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. काही न बोलता उठले, पाय बांधला, सायकल काढली, पोते मागे बांधले आणि निघाले. वाड्याच्या कोपऱ्यावरच पडले. मी धावणार तोच त्यांनी हात वर केला. पुन्हा चढले.

सासूबाईंना समजले तेव्हा त्यांनी मला जे बोलायचे ते बोलून घेतले. "लंगड्या पोराला दळणाला धाडतीस? काळीज हाय का न्हाई तुला?" मी चुलीपुढे बसून रडले. दिवस मावळला तरी पत्ता नाही. शेवटी सायकल हातात धरून, लंगडत, पिठाने आणि धुळीने माखलेले भावजी दारात उभे राहिले. कोपरे सोलवटली होती, पोते शाबूत होते. ते म्हणाले, "आई, भाकरी टाक. भूक लागलीय." पुण्याहून आल्यापासून 'भूक लागली' हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकले. सासूबाईंनी डोळे पुसले आणि पीठ मळायला घेतले. त्यानंतर त्या मला कधी बोलल्या नाहीत.

तीन कोस जाता येता त्यांच्या मनात एक विचार आला. गावात वीज आली होती. फौजेकडून मिळालेले थोडे पैसे होते. वर्षभरात त्यांनी आमच्या गावात पिठाची गिरणी टाकली. हे काम बसून करायचे नाही. दिवसभर उभे राहायचे, डबा उचलून वर ओतायचा, पट्टा सांभाळायचा, दगड झिजला की टाकी लावायची. प्रारंभी बायका म्हणत, "ऱ्हाऊ द्या दादा, आमीच वततो." ते म्हणत, "डबा खाली ठेवा मावशी. ते माझं काम." दोन महिन्यांत बायका डबा खाली ठेवून भांडू लागल्या की, माझा नंबर आधी होता! ज्या बायकांपासून आम्ही त्यांना लपवले होते, त्याच त्यांच्याशी दळणाच्या पैशावरून हुज्जत घालू लागल्या. भावजी बरे झाले, असे मला खऱ्या अर्थाने वाटले ते त्या दिवशी.

हे सारे सुखाने झाले असे कोणी समजू नये. कृत्रिम पाय म्हणजे चप्पल नव्हे, की पायात सरकवली आणि चालू लागले. उरलेल्या पायाची सूज उतरावी, त्याला आकार यावा म्हणून आधी कित्येक दिवस घट्ट पट्ट्या बांधाव्या लागतात. त्याचे माप प्लॅस्टरच्या साच्याने घेतात. दोन दांड्यांच्या मध्ये धरून धरून पहिली पावले टाकावी लागतात. पुढे वजन घटले वा वाढले की खोबण सैल किंवा घट्ट होते. उन्हाळ्यात घामाने कातडी सोलवटते, आणि ती भरेपर्यंत पाय बाजूला ठेवून कुबड्यांवर यावे लागते. चाळीसएक वर्षे भावजींनी हे सोसले. गिरणीच्या मागच्या खोलीत ते पाय काढून जखमेला मलम लावीत आणि पुन्हा बांधून पुढे येत. न दुखणारा असा आठवडा त्यांच्या आयुष्यात क्वचितच गेला असेल. त्याबद्दल त्यांना पदक मिळाले नाही, आणि त्यांनी ते मागितलेही नाही. त्यांचे लग्न झाले, मुले झाली. आज ते नाहीत. गिरणी त्यांचा मुलगा चालवतो.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर माझे बोलणे अपुरे राहील. ती माझ्या जाऊबाईंची. त्यांनी डोळसपणे हे लग्न केले. उरलेल्या पायाच्या पट्ट्या रोज रात्री धुऊन वाळत घालणे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. जखमी जवानामागे अशी एक आई, पत्नी वा बहीण असते. तिच्या गळ्यात कोणी हार घालीत नाही. तिला कधी तरी एक दुपार मोकळी मिळावी, तिच्या जागी कोणी तरी दोन तास बसावे, एवढीच तिची अपेक्षा असते. हे काम शेजारणीखेरीज कोण करणार?

आपले मंडळ पुण्यातले आहे, आणि हे आपले भाग्यच आहे. जखमी जवानांच्या पुनर्वसनाचे काम या शहरात फार जुने आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग हिंदी सैनिकांना हातचा धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये निघालेली क्वीन मेरी तांत्रिक संस्था आज खडकीला आहे. १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र येथेच आहे. आमच्या भावजींचा पाय तेथलाच. कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून चालणारे पुनर्वसन केंद्रही खडकीलाच आहे. तेथे चाकांच्या खुर्चीवरून खेळाचा सराव करणारे जवान आहेत. हातही गेले असे काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. आपल्या घरापासून बसने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. आपल्यापैकी किती जणी तेथे गेल्या आहेत?

आपण दर वर्षी सीमेवर राख्या पाठवतो. जरूर पाठवाव्या. मात्र यंदा माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली अशी की, रीतसर परवानगी घेऊन आपण खडकीला जाऊ या. फळांच्या करंड्या आणि छायाचित्रकार बरोबर न घेता जाऊ या. तेथील चित्रे पाहावीत, आवडतील ती योग्य किंमत देऊन विकत घ्यावीत, आणि न आवडल्यास तसे सांगावे. तोही एक मान आहे.

दुसरी विनंती आपल्या वागण्याची. अपंग माणूस समोर असता त्याच्याविषयीचा प्रश्न त्यालाच विचारावा. मदत करण्यापूर्वी "करू का?" असे म्हणावे, आणि तो नको म्हणाला तर हात मागे घ्यावा. त्याला काम सांगावे. तो पडेल या भीतीने आपण त्याला बसवून ठेवतो, पण बसून राहिल्याने माणूस आतून खचतो, हे मी पाहिले आहे.

तिसरी विनंती अगदी जवळची. आपल्या या सभागृहात येताना दारात तीन पायऱ्या आहेत. मी आज येताना मोजल्या. इतकी वर्षे मी येथे हळदीकुंकवाला येते, भजनाला येते, पण त्या पायऱ्या मला कधी दिसल्या नव्हत्या. खडकीच्या एखाद्या जवानाला आपण उद्या पाहुणा म्हणून बोलावले, तर त्याला चार जणांनी उचलून आत आणावे लागेल. आम्ही भावजींना आणले होते तसेच. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागी अपंगांना सुलभ वाट असली पाहिजे, असे सांगितले आहे. कायदा राहू द्या. आपल्या घरच्या कार्याला पाहुणा आपल्या बळावर आत यावा, ही तर आपली रीतच आहे. एक फूट चढाला बारा फूट लांबीचा उतार लागतो, असे जाणकार सांगतात. आपल्या पायऱ्या दीड फूट उंचीच्या आहेत. म्हणजे अठरा फुटांचा उतार झाला. उजव्या बाजूला तुळशी वृंदावनापर्यंत तेवढी जागा आहे, तीही मी पावलांनी मोजली. शिवण वर्गाच्या शिलकीतून आणि थोड्या वर्गणीतून हे सहज होईल. माझी वर्गणी मी चिटणीसबाईंकडे आजच देऊन ठेवली आहे.

युद्धे होऊ नयेत असे आपणा सर्व जणींना वाटते. आपण मुलगे वाढवतो ते त्यांनी मरावे वा मोडावे म्हणून नव्हे. पण जो मोडून परत आला, त्याच्या अंगी पुन्हा उभे राहण्याचे बळ असते, हे मी पाहिले आहे. ते बळ आपण त्याला देऊ शकत नाही. ते त्याचे स्वतःचेच असते. आपल्या हातात एकच गोष्ट आहे. दाराची कडी काढायची आणि त्याच्याकडे दळणाचा डबा द्यायचा.



जय हिंद!